जाहिरात वाचायला शिकवताना: नव्या शिक्षिकेला सल्ला

तू चौथीच्या मुलांना जाहिराती वाचायला शिकवणार आहेस, हे ऐकून फार बरं वाटलं. पण सुरुवात व्हिडिओने करू नकोस. मुलांकडून बिस्किटांची, सरबतांची रिकामी पाकिटं मागव. पाकीट हातात धरता येतं, उलटता येतं.

आधी पुढची बाजू. काय दिसतं तेवढंच सांगू दे, मत नको. आंबा केवढा काढलाय, रंग कुठले, सर्वांत ठळक शब्द कोणता. इथे घाई करू नकोस, मुलं थक्क होशील इतकं टिपतात. मग पाकीट उलटायचं. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. साखर दुसऱ्या क्रमांकावर असेल, तर ती त्यांची त्यांना सापडू दे, तू सांगू नकोस. अक्षरं बारीक असतात, भिंग जवळ ठेव. मोठ्या मुलांना हेही सांग की आटवलेल्या रसात पाणी घालून पुन्हा तयार केलेल्या रसावरचा ‘१०० टक्के फळांचा रस’ हा दावा काढायला एफएसएसएआयने, म्हणजे अन्नसुरक्षेवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, जून २०२४ मध्ये सांगितलं.

पुढच्या तासाला वर्तमानपत्रातला फोटो घे. खालची ओळ झाकून प्रत्येकाला स्वतःची ओळ लिहायला लाव, मग छापलेली दाखव.

एक मात्र सांभाळ. ‘सगळ्या जाहिराती खोट्या’ असं ठसवू नकोस. सरसकट अविश्वास शिकलेलं मूल पुढे काही नीट वाचतच नाही. व्हॉट्सअ‍ॅपवरचे फॉरवर्ड दिवाळीनंतर घे.