बडोद्याच्या इंग्रजी विभागात अरविंद घोष खरंच शिकवायचे का?

तुम्ही विचारलंय, की महाराजा सयाजीराव (म. स.) विद्यापीठाच्या इंग्रजी विभागात अरविंद घोष प्राध्यापक होते हे खरं का, आणि विभागाचा इतिहास काय.

शिकवायचे, पण तेव्हा विद्यापीठच नव्हतं. होतं ते १८८१ साली सुरू झालेलं बडोदा कॉलेज, मुंबई विद्यापीठाला जोडलेलं. १९४९ मध्ये म. स. विद्यापीठ झालं, हंसाबेन मेहता पहिल्या कुलगुरू झाल्या आणि कॉलेज त्यात सामावलं. मोठ्या घुमटाची आर्ट्स फॅकल्टी दिसते ना, तेच ते कॉलेज. म्हणून मी विभागाचं वय तिथूनच मोजतो.

अरविंदबाबू १८९३ मध्ये संस्थानच्या नोकरीत आले. आधी कचेरीची कामं, मग कॉलेजात फ्रेंच, नंतर इंग्रजी. पुढे व्हाइस प्रिन्सिपॉलही झाले आणि १९०६ मध्ये बडोदं सोडून कलकत्त्याला गेले. त्यांच्या वर्गातली मुलं मुंबईच्या प्राध्यापकांच्या नोट्स मिळवून पाठ करायची, तो प्राध्यापक परीक्षक असेल तर जास्तच. एकदा इंग्रज कवी साउदीने लिहिलेलं आरमारी सेनानी नेल्सनचं चरित्र शिकवताना मुलं म्हणाली, नोट्समध्ये तर असं नाही. ते म्हणाले, मी त्या वाचलेल्याच नाहीत, आणि बहुतेक नोट्स टाकाऊच असतात! ही आठवण त्यांनी स्वतःच पुढे सांगितली आहे. मराठी आणि गुजराती ते बडोद्यातच शिकले. दांडिया बाजारात त्यांचे मराठी मित्र खासेराव जाधव यांच्या घरी राहायचे. म्हणून आम्हा बडोद्याच्या मराठी माणसांना ते घरचे वाटतात.

विद्यापीठ झाल्यानंतरच्या काळातलं पहिलं नाव व्ही. वाय. कंटक यांचं. ते शेक्सपिअरचे अभ्यासक. 'मॅकबेथ'वरचा त्यांचा लेख १९६३ च्या 'शेक्सपिअर सर्व्हे' या इंग्रजी वार्षिकात आला होता.

पण विभागाला स्वतःचा चेहरा दिला तो, माझ्या मते, गणेश देवींनी. मूळचे भोरचे, १९८० पासून इथे शिकवत होते. 'आफ्टर अ‍ॅम्नेशिया' या त्यांच्या पुस्तकाला १९९३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. वसाहतकाळात आपल्याच भाषांमधल्या साहित्यविचाराचा आपल्याला विसर पडला, असं त्यात ते मांडतात. इंग्रजीच्या प्राध्यापकाने हे लिहावं, याचं मला फार मोल वाटतं. १९९६ मध्ये त्यांनी नोकरी सोडली, 'भाषा' संस्था काढली, गुजरातमधल्या तेजगढ गावी आदिवासी अकादमी उभी केली. पुढे याच विभागात आलेले सचिन केतकर इंग्रजी शिकवतात आणि कविता मराठीतही लिहितात. घरी मराठी, बाजारात गुजराती, वर्गात इंग्रजी अशा गावात हे असंच व्हायला हवं होतं.