वडिलांना फुप्फुसाचा कॅन्सर आहे, आता डोळे पिवळे झालेत. कावीळ त्यामुळेच असेल का? (यवतमाळजवळचं गाव)

हो, असू शकते. फुप्फुसाचा कॅन्सर, विशेषतः स्मॉल सेल प्रकारचा, कधीकधी स्वादुपिंडात पसरतो. तिथली गाठ पित्तनळी दाबते आणि आतड्यात उतरणारं पित्त रक्तात साचतं. कॅन्सर वॉर्डात नर्स आहे, म्हणून आधी हेच विचारते: लघवी जवसाच्या तेलासारखी गडद, शौच पांढऱ्या मातीसारखं, अंगभर खाज? असेल तर कावीळ उतरवणाऱ्याकडे, झाडपाल्यात एकही दिवस घालवू नका. नागपूर किंवा सेवाग्राम गाठा. दुर्बिणीतून स्टेंट (बारीक नळी) टाकून पित्ताला वाट करून देता येते. थंडी वाजून ताप आला तर त्याच रात्री निघा. मात्र यकृतात पसरलेला कॅन्सर, पित्तखडे, काही औषधं यांमुळेही कावीळ होते. सोनोग्राफी, सीटी स्कॅनशिवाय कारण पक्कं धरू नका.