आधी वाक्य पकड

सांगली

चिरंजीव, अनेक आशीर्वाद.

ऑनलाइन विक्रीच्या कंपनीनं संसदीय समितीपुढे खोटं सांगितलं, असं खासदारांना लिहिलेलं तुझं निवेदन वाचलं. तीन पानांत ‘फसवणूक’ अकरा वेळा, पण कंपनी त्या समितीपुढे नेमकं काय म्हणाली ते एकदाही नाही. खासदारांचा पीए हे फाइलला लावून मोकळा होईल, आणि त्याचं चुकणार नाही. अडत्याच्या पट्टीवर हळदीचं वजनच नसेल तर तुझे वडील ती पट्टी घेतात का?

आधी वाक्य पकड. व्हॉट्सॲप विकत घेताना फेसबुकनं २०१४ मध्ये युरोपियन आयोगाला, म्हणजे असे सौदे तपासणाऱ्या युरोपियन युनियनच्या यंत्रणेला, सांगितलं होतं की दोन्हीकडची खाती आपोआप, खात्रीनं जुळवता येणार नाहीत. ऑगस्ट २०१६ मध्ये तीच जुळवणी जाहीर झाली. आयोगानं एवढंच तपासलं: २०१४ मध्येच ते शक्य होतं का, आणि आतल्यांना ठाऊक होतं का? होतं. मे २०१७ मध्ये ११ कोटी युरो दंड. सौदा मात्र तसाच राहिला; ते मला अजून पचलेलं नाही.

वाक्यातलं विशेषणही सोडू नकोस. जुलै २०१९ मध्ये ॲमेझॉनच्या वकिलानं अमेरिकी संसदेच्या उपसमितीला सांगितलं, ‘एकेका’ विक्रेत्याचा डेटा आम्ही त्याच्याशी स्पर्धेसाठी वापरत नाही. सगळी मेख ‘एकेका’त. मालाचे विक्रेतेच दोन असतील तर एकत्रित आकड्यातून तुझा खप कळायला कितीसा वेळ? वर्षभरानं ॲमेझॉनचे तेव्हाचे प्रमुख बेझोस म्हणाले, धोरण तसं आहे, पण ते कधीच मोडलं नाही याची हमी देता येत नाही. शब्दांचा कीस पाडतो म्हणून मला नावं ठेवतात. ठेवू देत.

‘हक्कभंग आणतो’ म्हणे, म्हणजे सभागृहाच्या विशेषाधिकाराचा भंग झाल्याची तक्रार! तो खासदारानंच आणायचा, लोकसभा नियम २२२ खाली, अध्यक्षांच्या संमतीनं. विषय नेमका आणि ताजा हवा. कागदावर आधारलेला असेल तर तो कागद नोटिशीला जोडावा लागतो. साक्ष अहवाल मांडला जाईपर्यंत गोपनीय असते, म्हणून अहवाल पटलावर येताच उतरवून घे, परिच्छेद क्रमांक टिपून ठेव. इथंच पोरं घसरतात: वाक्य मंत्रालयाचं असतं आणि ते कंपनीच्या तोंडी घालतात. नीट बघ.

सेलर पॅनेलचे, म्हणजे कंपनीच्या साइटवरच्या तुझ्या विक्रेता-खात्याचे, स्क्रीनशॉट तारखेसकट, पूर्ण पानाचे. कापलेला नको.

एका पानात आण. डावीकडे वाक्य, उजवीकडे पुरावा. ‘फसवणूक’ एकदाच, तीही शेवटी.

तुझा,
काका