ताम्रसृती, नीलच्युती आणि तांबडा न होणारा रंग

प्रश्न असा आलाय: रंजकाचे रेणू पाण्यात आपोआप एकमेकांना बिलगून रांगा लावतात आणि त्यांचं प्रकाशशोषण बदलतं. ते तांबड्या बाजूला गेलं तर त्याला ताम्रसृती म्हणावं की ताम्रच्युती? आणि रंग तांबडा होतो म्हणूनच हे नाव पडलं ना?

शेवटचं आधी घेतो, कारण हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता कान किटले. नाही हो! सरकतो तो शोषणाचा पट्टा, म्हणजे रेणू ज्या रंगाचा उजेड गिळतो तो भाग. आपल्याला दिसतो तो न शोषलेला, उरलेला प्रकाश. टोल्युइडिन ब्लू हा रंजक घ्या. सुटा रेणू नारिंगी-तांबडा उजेड गिळतो, म्हणून द्रावण निळं दिसतं. माझी भाची पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. तिनं मला एकदा सूक्ष्मदर्शकाखाली मास्ट पेशी दाखवल्या होत्या. आजूबाजूला सगळं निळं आणि मधेच लालसर जांभळ्या दाण्यांनी गच्च भरलेली एक पेशी. रंग एकच घातलेला! त्या दाण्यांतल्या हेपॅरिन नावाच्या लांबलचक रेणूवर ऋण भारांची दाटी असते, तिथे रंजकाचे रेणू खेटून बसतात आणि शोषण कमी तरंगलांबीकडे, म्हणजे निळ्या बाजूला जातं. शास्त्राच्या भाषेत ही नीलसृती, आणि डोळ्याला दिसतं तांबूस. आता बोला.

आता सृती की च्युती. आपले काही कोशकार च्युतीच्या बाजूचे आहेत. 'च्यु' या संस्कृत धातूचा मूळ अर्थ नुसता हलणं, ढळणं असा आहे, असं ते सांगतात. असेल. पण मराठी कानाला च्युत म्हटलं की पदच्युत आठवतो, नाहीतर अच्युत. म्हणजे खाली येणं आलंच. तांबड्याकडे जाताना ऊर्जा घटते, तिथे एक वेळ चालवून घेऊ. पण निळ्याकडे जाताना ऊर्जा वाढते. मग नीलच्युती म्हणजे काय, वरच्या दिशेनं पडणं? यावर अजून कुणी मला धड उत्तर दिलेलं नाही.

सृती मात्र 'सृ'पासून, म्हणजे सरणं, वाहणं. आणि या धातूचं गोत काय सांगावं! सरिता त्यातलीच, संसारही त्यातलाच, रात्री प्रियकराकडे निघालेली अभिसारिकाही. पसरणं म्हणजे प्र+सृ, त्यातूनच घरातला पसारा. पूर ओसरतो तोही इथलाच. माझ्या मते घराची ओसरीसुद्धा, मुख्य घरापासून जरा सरलेली जागा म्हणून; यावर नाकं मुरडणारे आहेत, मुरडोत. गंमत पुढेच आहे. पदार्थविज्ञानातलं 'विसरण', म्हणजे अत्तराचा वास खोलीभर पांगतो ते, वि+सृ. आणि आपण चष्मा कुठे ठेवला ते विसरतो, ते वि+स्मृ. धातू दोन वेगळे, पण वि+स्मृ प्राकृतात झिजत झिजत वि+सृच्याच रूपाला आला. वर्गात 'वायूंचे विसरण' म्हटलं की मागचा बाक हसतो, आणि त्या हसण्यात दीड-दोन हजार वर्षांची भाषेची झीज आहे.

मला खरं तर 'ताम्रसरण' आवडलं असतं. पण मराठीत सरण म्हटलं की स्मशान आलं. म्हणून सृती.

हां, रेणू राहिलेच. त्यांच्या बसण्याला सरसकट 'पुंज' म्हणू नका, तो शब्द क्वांटमवाल्यांनी कधीच नेलाय. नाण्यांसारखे तोंडाला तोंड लावून एकावर एक बसले तर आपल्याकडे सरळ 'चळत' हा शब्द आहे. अशा चळतीत शोषण निळ्याकडे जातं. कौलांसारखे थोडे थोडे घसरून, एकाच्या शेपटाशी दुसऱ्याचं डोकं असे बसले तर तांबड्याकडे. त्याला मी 'कौलारू रचना' म्हणतो. स्यूडोआयसोसायनिन हा रंजक त्याचं गाजलेलं उदाहरण. पाण्यात सुट्या रेणूचं शोषण सुमारे ५२५ नॅनोमीटरला, हिरव्यात. द्रावण दाट केलं की ५७३च्या आसपास, पिवळ्यात, सुईसारखा अरुंद पट्टा उभा राहतो. सुट्या रेणूचा पट्टा चांगला ऐसपैस असतो, हा इतका बारीक, कारण रांगेतले रेणू ऊर्जा वाटून घेऊन एकजुटीनं शोषतात. १९३६च्या सुमारास कोडॅक कंपनीतल्या जेली आडनावाच्या संशोधकानं आणि जर्मनीत शाइबे या रसायनशास्त्रज्ञानं हे स्वतंत्रपणे पाहिलं. या कौलारू रचनेला शास्त्रात जे-समुच्चय म्हणतात, त्यातला 'जे' त्या जेलीचा. परवा एका भाषांतरात त्याचा 'ज-समुच्चय' झालेला पाहिला. माणसाच्या आडनावाचं आद्याक्षर आहे ते, बाराखडी नव्हे. चळतीला एच-समुच्चय म्हणतात, त्यातला 'एच' मात्र हिप्सोक्रोमिकचा, म्हणजे नीलसृतीचाच. त्याचं भाषांतर करायचं तर करा.