धरणाला सायकलनं वळसा

ताई, माझं वय 52. रोज ऑफिसला सायकलनंच जातो. सायकल साधी, बिनगिअरची. भंडारदऱ्याच्या जलाशयाभोवतीची फेरी मला एका दिवसात जमेल का? सुरुवात कुठल्या बाजूनं करावी?
– एक वाचक, डोंबिवली

जमेल. पण एका दिवसात करू नका, असं मी तुम्हाला हात जोडून सांगेन. शेंडी, मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी, मुतखेल आणि परत शेंडी अशी ही वाट आहे, 40 ते 45 किलोमीटरची. रोज पॅडल मारणाऱ्याला हा आकडा मोठा नाही, आणि म्हणूनच लोक सकाळी निघून दुपारी परत येतात. मग पाहिलं काय, म्हणून विचारलं तर घाटघरच्या कोकणकड्यावरचा एक फोटो दाखवतात. मुक्काम साम्रदला किंवा रतनवाडीला करा. दोन्हीकडे घरगुती जेवण आणि झोपायची सोय होते, फक्त आधी फोन करून ठेवा.

निघायचं ते मुरशेतच्या बाजूनं. असं गेलात की पाणी कायम डाव्या हाताला राहतं, आणि आपणही रस्त्याच्या डावीकडूनच चालवतो. थांबावंसं वाटलं की सायकल कडेला घेतली, झालं. वळणावर रस्ता ओलांडायला नको. दुसरं कारण वाऱ्याचं. पावसाळ्यात आणि त्याच्या शेपटाला वारा पश्चिमेकडून येतो. घाटघरपर्यंत तो छातीवर घ्यावा लागतो, पण तेव्हा पाय ताजे असतात. रतनवाडीहून परतताना तोच पाठीशी येतो.

घाटघर आणि रतनवाडी यांच्यामधल्या चढांवर बिनगिअरची सायकल हातात धरून चाला. त्यात कमीपणा कसला? तिथला डोंगर चालतानाच नीट दिसतो. साम्रदजवळ रतनगड आणि त्याच्या शेजारचा खुटा नावाचा सुळका असे काही समोर येतात की मान खाली जात नाही. उताराला मात्र दोन्ही ब्रेक दाबत-सोडत या. ओल्या रस्त्यावर एकटा पुढचा ब्रेक करकचून दाबू नका.

महिना विचारलात तर सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर. ओढे अजून वाहते असतात, भात पोटरीत आलेला असतो, कडेला सोनकी फुललेली असते. खुरासणीची शेतं पिवळी झाली की त्यांच्याजवळ सायकल थांबवून अंमळ गप्प उभं राहा. मधमाश्यांचा आवाज इतका भरून येतो की लांबची जीपही ऐकू येत नाही. भर जुलैत नवख्यानं येऊ नये. घाटघरला नगर जिल्ह्याची चेरापुंजी म्हणतात ते उगाच नाही. धुक्यात पुढच्या माणसाचा लाल दिवाही दिसेनासा होतो.

रतनवाडीला अमृतेश्वराचं देऊळ संध्याकाळी, गाड्या परत गेल्यावर पाहा. आधी पुष्करणीच्या पायऱ्या उतरा. चारी बाजूंनी दगडी कोनाडे आहेत, त्यांत मूर्ती आहेत, आणि प्रत्येक कोनाड्यावर छोटं शिखर कोरलेलं आहे. देवळाच्या खांबांवर हात फिरवायचा मोह होतो, फिरवू नका. झिजलेलं पुष्कळ आहे. प्रवरा इथंच रतनगडाच्या कुशीत उगम पावते. मी संगमनेरची. आमच्या घरची तहान आणि शेतं याच नदीवर आहेत, त्यामुळे ही फेरी मारताना मला नुसती हौस वाटत नाही. 1910 ते 1926 या काळात बांधलेलं भंडारदऱ्याचं हे विल्सन धरण, त्यामागचं पाणी आणि त्या पाण्याभोवतीची ही गावं, यांचं आम्ही खालच्या अंगाचे लोक देणं लागतो. जलाशयाला पुष्कळ जण अजून आर्थर लेक म्हणतात. मी राघोजी भांगरे जलाशय म्हणते. याच अकोले तालुक्यातल्या, इंग्रजांनी 1848 साली ठाण्यात फाशी दिलेल्या माणसाचं नाव तोंडात असावं.

दुसऱ्या दिवशी पाय शिल्लक असतील तर शेंडीहून राजूरच्या रस्त्यानं रंध्यापर्यंत जा. प्रवरा तिथं खडकात जी उडी घेते, ती पाहिली की वर शांत पडलेलं पाणी हेच का, असं वाटतं.

काजव्यांच्या दिवसांत रात्री सायकलनं फिरलं तर जास्त मजा येईल ना?
– एक वाचक, नाशिक

नाही, आणि हे मी तळमळीनं सांगते. मेअखेर ते जूनचा पहिला जोराचा पाऊस एवढेच काजव्यांचे दिवस. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर नर काजवे लुकलुकतात ते मादीला खूण म्हणून. त्यांचं प्रौढपणीचं आयुष्य थोडक्या दिवसांचं. त्यात गाड्यांचे झोत, विजेऱ्या, मोबाइलचे फ्लॅश आले की ती खूण पुसली जाते आणि अंडी घालायची वेळ निघून जाते. सायकलचा आजचा दिवाही चांगलाच प्रखर असतो. त्यातून हे कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे. त्या दिवसांत रात्रीच्या प्रवेशाचे नियम वेगळे असतात, ते नाक्यावर विचारून घ्या.

पाहायचेच असतील तर आठवड्याच्या मधल्या दिवशी उजेडी पोचा, सायकल मुक्कामाच्या घरी लावा, आणि त्याच घरच्या कुणाला तरी सोबत घेऊन पायी जा. विजेरी बंद. झाड हलवायचं नाही, काजवे बाटलीत भरायचे नाहीत. लेकरांना हे आधी घरीच सांगून ठेवा.

बाईमाणसानं एकटीनं जावं का?
– एक वाचक, पुणे

मी जाते. अंधार पडायच्या आत मुक्कामी पोचते, आणि गावातून जाताना बायकांशी बोलते. रतनवाडीला मी उतरते त्या घरी मावशी नाचणीची भाकरी थापताना शेजारी बसवून घेतात. पाण्याचा हात जरा कमी लागला की भाकरी तव्यावर चिरते, हे त्यांनी माझा हात धरून दाखवलं. जेवणाचे पैसे ठरले असतील ते द्याच, आणि घासाघीस करू नका. मोबाइलला रेंज कुठं आहे कुठं नाही, म्हणून आज कुठून कुठे जाणार ते घरी आधीच कळवा.

सोबत काय घ्यावं?
– एक वाचक, श्रीरामपूर

जादा ट्यूब, पंक्चरचं सामान, हातपंप, चाकाच्या नटाला बसणारा पाना. शेंडी सोडल्यावर सायकलच्या दुकानाचा भरवसा धरू नका. घरून निघण्याआधी ब्रेकचे रबर नवे घाला. ओल्या मातीत ते भराभर झिजतात. पाणी दोन बाटल्या. आणि एक मोकळी पिशवी, आपला कचरा परत आणायला.