‘आम्ही कळवतो’ म्हणाले, आता किती दिवस थांबू?

या महिन्यात तुमचे मेल वाचून संपता संपेनात. निम्म्यांचं दुखणं एकच, इंटरव्ह्यू झाला आणि पुढे शांतता. त्यातला एक प्रश्न सविस्तर घेतलाय, बाकीचे तीन जागा उरली तसे. नावं नेहमीप्रमाणे छापत नाही.

ताई, मी बदलापूरला राहतो, वय २६, बीकॉम. एका सीएच्या ऑफिसात तीन वर्षं टॅली आणि जीएसटीचं काम केलं, ते ऑफिस बंद झालं. तीन आठवड्यांपूर्वी लोअर परळला एका कंपनीत ज्युनिअर अकाउंटंटसाठी दोन राउंड झाले, मॅनेजर छान बोलले, एचआर मॅडम म्हणाल्या ‘आम्ही कळवतो’. तेव्हापासून काही नाही. आई म्हणते रोज फोन कर. मित्र म्हणतो फोन केलास तर गरजू दिसशील, मग पगारात कापतील. काय करू? मला अरेतुरे केलंत तरी चालेल.

बरं, अरेतुरेच करते. आई निम्मी बरोबर आहे, मित्र पाव बरोबर आहे.

आधी तिकडे काय चाललेलं असतं ते ऐक. मी अठरा वर्षं एचआरमध्ये काढली, टेबलाच्या त्या बाजूला. इंटरव्ह्यू संपला की मॅनेजर म्हणतो अजून दोघांना बघू, त्यातला एक गावी गेलेला असतो, मग मोठ्या साहेबांची मंजुरी अडते, मग पहिल्या पसंतीच्या माणसाला ऑफर जाते, तो आठवडाभर ‘घरी विचारतो’ म्हणतो आणि तेच लेटर जुन्या कंपनीत दाखवून तिथेच पगार वाढवून घेतो. या सगळ्या काळात दोन नंबरच्या उमेदवाराला काय सांगणार? नाही म्हणता येत नाही कारण त्याची गरज पडू शकते, हो म्हणता येत नाही कारण जागा अजून रिकामी झालेली नाही. म्हणून कुणी काहीच बोलत नाही. हे बरोबर आहे असं मी म्हणत नाही हं, उलट मला तेव्हाही लाज वाटायची. पण तीन आठवड्यांची शांतता म्हणजे नकारच, असं धरून बसू नकोस.

माझ्याच हातून झालेली एक गोष्ट सांगते. एका कंपनीत आम्ही डिस्पॅचची एक पोस्ट दोन महिने लटकवली होती. एक मुलगा रोज फोन करायचा, कधी दिवसातून दोनदा, रिसेप्शनच्या मुलीला त्याचा आवाज पाठ झाला होता. आणि एक मुलगी, तिने इंटरव्ह्यूच्याच संध्याकाळी चार ओळींचा मेल टाकलेला आणि दहा दिवसांनी त्याच मेलखाली अजून दोन ओळी. ज्याला घेतलं होतं त्याने जॉइनिंगच्या आदल्या दिवशी नाही म्हटलं, मॅनेजर माझ्या टेबलाशी येऊन उभा, आता कोण आहे बोला. मी इनबॉक्समध्ये पोस्टचं नाव टाइप केलं, वरच तिचा मेल, खाली मोबाइल नंबर. पाच मिनिटांत फोन लावला. तो मुलगा कामाला कदाचित तिच्यापेक्षा उजवा असता, पण त्याचा नंबर आमच्यातल्याच कुणीतरी वैतागून ब्लॉक केला होता. मला अजून त्याचं वाईट वाटतं.

तर तू आज काय करायचंस. इंटरव्ह्यूचा कॉल ज्या मेलवर आला होता त्याच मेलला रिप्लाय कर, नवीन मेल नको, म्हणजे त्यांना ‘हा कोण’ हे शोधावं लागत नाही. मजकूर साधारण असा, इंग्रजीत लिहिणार असशील तरी एवढाच: ‘नमस्कार मॅडम, अमुक तारखेला ज्युनिअर अकाउंटंटच्या पोस्टसाठी माझे दोन राउंड झाले. मला या कामात अजूनही रस आहे आणि मी लगेच जॉइन होऊ शकतो. निर्णय साधारण कधीपर्यंत अपेक्षित आहे ते कळवलंत तर बरं होईल.’ खाली नाव आणि नंबर. ‘आपल्या उत्तराची चातकासारखी वाट पाहतोय’ वगैरे काही नको, आणि घरची अडचण तर अजिबात नको. खरी असली तरी नको, कारण ती वाचून समोरच्याला फक्त अवघडल्यासारखं होतं, त्याच्या हातात काही नसतं.

मेलला चार-पाच दिवसांत उत्तर नाही आलं तर एक फोन, एकच. सोमवारी सकाळी नाही, शुक्रवारी संध्याकाळी नाही, साडेनऊला तर नाहीच, तेव्हा अर्धी मुंबई लोकलमध्ये एका पायावर उभी असते. अकरा-साडेअकरा किंवा चारनंतर. आणि तू अकाउंट्सवाला आहेस म्हणून खास तुला सांगते, मॅनेजरशी बोलायचं असेल तर तारीख बघून फोन कर. ७ तारखेला टीडीएस भरायचा असतो, ११ ला जीएसटीआर-१, २० ला थ्रीबी ही जीएसटीची रिटर्न्स, त्या दिवशी अकाउंट्सच्या माणसाला फोन करणारा उमेदवार त्याला कामातला कसा वाटेल? उलट तू बोलताना ‘सर, २० तारीख उलटू दिली आणि मग फोन केला’ असं सहज म्हणालास, तर ते वाक्य तुझ्या सीव्हीपेक्षा जास्त काम करेल.

इंटरव्ह्यू कन्सल्टंटकडून आला असेल तर मात्र कंपनीला थेट गाठू नकोस, कन्सल्टंटच्या मागे लाग. तुझं सिलेक्शन झालं तर त्याला कंपनीकडून फी मिळते, बऱ्याच ठिकाणी वर्षाच्या पगाराच्या ८.३३ टक्के, म्हणजे हिशेब तूच कर, एका महिन्याचा पगार झाला. त्याला तुझ्याइतकीच घाई असते.

फोननंतरही शांतता असेल तर दोनेक आठवड्यांनी शेवटचा एक मेल आणि मग विषय सोड. तोपर्यंत हातावर हात ठेवून बसायचं नाही, दुसरीकडे अर्ज चालूच ठेवायचे. लोअर परळच्या आशेवर तू तीन आठवडे कुठेच अर्ज केला नाहीस असं मला तुझ्या मेलच्या सुरावरून वाटतंय, खोटं असेल तर मला माफ कर.

आणि पुढच्या वेळी एक कर. ‘आम्ही कळवतो’ ऐकलं की मान हलवून उठायचं नाही. तिथेच, खुर्चीतून उठायच्या आधी विचारायचं, ‘साधारण कोणत्या तारखेपर्यंत कळेल? नाही कळलं तर मी कोणाला आणि मेल करू की फोन?’ यात गरजूपणा कसला आलाय, आपण टेलरकडे ब्लाउज टाकतो तेव्हाही कधी मिळेल विचारतोच. एकदा समोरच्याने तोंडाने तारीख दिली की त्या तारखेच्या दोन दिवसांनी केलेला फोन म्हणजे आगाऊपणा ठरत नाही, त्याने दिलेल्या शब्दाची आठवण ठरते. मित्राला सांग हे, तोही कधीतरी इंटरव्ह्यूला जाईल.

माझ्या मुलाला एअरपोर्टवर ग्राउंड स्टाफची नोकरी लागल्याचं लेटर व्हॉट्सअ‍ॅपवर आलंय, पगार ३२ हजार. इंटरव्ह्यू फोनवरच झाला. आता युनिफॉर्म आणि गेटपासचे २,५०० रुपये भरा, ते पहिल्या पगारात परत मिळतील म्हणतात. आज संध्याकाळपर्यंतची मुदत आहे. भरू का? (लालबाग)

नका भरू काका. मासिक तुमच्या हातात पडेपर्यंत ती संध्याकाळ होऊन जाईल म्हणून मी तुम्हाला मेलवर लगेच उत्तर दिलं होतंच, इथे बाकीच्यांसाठी छापतेय. नोकरी देणारा पगार देतो, आधी पैसे घेत नाही. युनिफॉर्म, गेटपास, मेडिकल, ‘रिफंडेबल’ डिपॉझिट, नावं बदलतात. २,५०० भरले की दोन दिवसांनी पोलीस व्हेरिफिकेशनचे ४,८०० येतात. कुणी आधीच भरले असतील तर लाजून गप्प बसू नका, लगेच १९३० ला फोन करा, ती सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन आहे, जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे पुढे जायच्या आधी अडकवता येण्याची शक्यता जास्त. आणि मुलाला ओरडू नका.

ताई, मी कांदिवलीला असते. मालाडला एका बँकेच्या बॅक ऑफिसमध्ये सहा वर्षं होते, २०१७ ला बाळंतपणाच्या वेळी सोडलं, मग दुसरं मूल, मग सासूबाईंचं आजारपण. आता परत काम करायचंय. नोकरीच्या साइट्सवर चाळीसेक ठिकाणी अप्लाय केलं, एकही फोन नाही. बहीण म्हणते गॅप दिसू नये म्हणून तारखा पुढे ओढ. माझ्या जुन्या मॅडम आता दुसऱ्या बँकेत मोठ्या पदावर आहेत, पण इतक्या वर्षांनी कामासाठीच मेसेज करायचा म्हणजे लाचारी वाटते.

तारखांना हात लावू नका. तुमचा पीएफ कापला जायचा ना? यूएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी तोच राहणारा पीएफचा नंबर, २०१४ पासून आहे, म्हणजे तुमचाही निघालेला असणार, आणि त्यात कंपनीनिहाय जॉइनिंग आणि एक्झिटची तारीख असते. बऱ्याच कंपन्या ती सर्व्हिस हिस्टरी मागतात. एकदा पोर्टलवर जाऊन बघून घ्या, जुन्या कंपनीने एक्झिटची तारीख टाकलीच नसेल तर ती आता तुम्हाला स्वतःलाही टाकता येते, आधारला जोडलेला मोबाइल चालू हवा इतकंच. सीव्हीत सरळ एक ओळ, ‘२०१७ पासून कौटुंबिक जबाबदारी’, आणि लगेच खाली या वर्षांत काय शिकलात ते. काहीच शिकला नसाल तर एक्सेल तरी घासूनपुसून घ्या, पिव्होट आणि व्हीलुकअप आलंच पाहिजे, मुलांच्या शाळेच्या वेळेत होतं ते.

चाळीस अर्जांचं म्हणाल तर साइटवर रिक्रूटर गाळण्या लावतात, गॅपवाले तिथेच गळतात, तुमचा अर्ज बहुतेक कुणी उघडलाही नसेल. पण एक गाळणी तुमच्या बाजूची आहे. नोटिस पिरियडच्या जागी ‘इमिजिएट’ टाका. प्रोफाइल आठवड्यातून एकदा उघडून काहीतरी बदला, कधी अपडेट झालं ते रिक्रूटरला दिसतं.

आता मॅडमचं. सहा वर्षं तुमचं काम बघितलेली बाई एवढ्या मोठ्या मुंबईत एकच आहे, आणि तिलाच विचारायचं नाही, हे कुठलं गणित? लाचारी कशात वाटते सांगू, ‘कुठे काही असेल तर बघा ना मॅडम’ म्हणण्यात, कारण त्यात सगळं ओझं तिच्यावर. त्यापेक्षा तिच्या बँकेची साइट बघा, ऑपरेशन्सची जागा निघाली असेल तर नेमकी ती सांगा: ‘मॅडम, तुमच्याकडे ही पोस्ट दिसली, आपण मालाडला करायचो तेच रिकन्सिलिएशनचं काम आहे, मी आता परत सुरू करतेय, माझा सीव्ही पुढे पाठवाल का?’ एका फॉरवर्डचं काम झालं तिला. नाही म्हणाल्या तरी जागा कशा भरतात ते तर कळेल. आणि पहिला मेसेज ‘हाय मॅडम कशा आहात’ एवढाच टाकून दोन दिवस थांबू नका, आपण बायका हमखास ते करतो.

ऐरोलीला आयटीत आहे. एका कंपनीची ऑफर आहे, सोमवारपर्यंत हो-नाही सांगायचंय. दुसरी जास्त आवडलीय पण तिचा निकाल बाकी. नोटिस पिरियड ९० दिवस. पहिलीला हो म्हणून ठेवू का?

आधी दुसऱ्या कंपनीला आजच मेल टाका, खरं लिहा, ‘मला एक ऑफर आहे, सोमवारी उत्तर द्यायचंय, पण माझी पसंती तुमच्याकडे आहे, शुक्रवारपर्यंत काही सांगता येईल का?’ असा मेल आला की अडकलेली फाइल बरेचदा हलते, मी हलवल्या आहेत. पण ऑफर नसताना हे करू नका, लेटर मागतात. पहिल्यांकडून चार दिवस वाढवून मागायला हरकत नाही, एकदाच. शुक्रवारी दुसरीकडून काही आलं नाही तर पहिलीचं लेटर शांतपणे वाचा, बॉण्ड आहे का, व्हेरिएबल, म्हणजे कामगिरीवर अवलंबून असलेला पगार, किती, नोटिस बायआउट, म्हणजे नोटिस पूर्ण न करता सुटायचे पैसे, कोण देणार. ९० दिवस ‘हो’ म्हणून लटकवत ठेवायचं आणि आदल्या दिवशी फोन बंद करायचा, असं करणारा माणूस वर एका गोष्टीत येऊन गेलाय, त्याचं नाव आमच्या एक्सेल शीटमध्ये लाल रंगात होतं आणि ती शीट मी कंपनी सोडली तेव्हाही तिथेच होती.