इंजिन थरथरतं आणि पेट्रोल पण जास्त खातं

प्रश्न: माझी पेट्रोल कार सिग्नलला उभी असली की थरथरते, ॲव्हरेज १६ वरून ११ वर आलंय आणि सायलेन्सरमधून कच्च्या पेट्रोलचा वास येतो. प्लग नवे टाकले तरी फरक नाही. चेक इंजिनचा दिवा पण लागलाय. आता काय बदलू?

उत्तर: आधी काहीच बदलू नका! दिवा लागलाय म्हणजे गाडीने बिघाडाचा कोड साठवलाय, स्कॅनर लावून तो वाचून घ्या. पी०३०२ आला तर दुसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर आहे (पेट्रोल नीट जळत नाही), मग त्याची इग्निशन कॉइल (प्लगला ठिणगीसाठी वीज देणारी) तिसऱ्यावर लावून बघा, कोड पी०३०३ झाला की कॉइलच खराब, नाही झाला तर प्लग, इंजेक्टर (पेट्रोल फवारणारा) आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) तपासायचं.

पी०१७२ आला तर मिश्रणात पेट्रोल जास्त जातंय (प्रमाण साधारण १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल असं लागतं). यात लोक सरळ ऑक्सिजन सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजणारा) बदलून मोकळे होतात आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं, कारण कित्येकदा तो बिचारा खरं तेच सांगत असतो. त्याआधी टेम्परेचरचा काटा बघा, अर्धा तास चालवूनही तो खालीच राहत असेल तर थर्मोस्टॅट (इंजिनचं पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप) उघडा अडकलेला असू शकतो, इंजिन थंडच आहे असं समजून ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) जास्त पेट्रोल सोडत राहतो. काटा ठीक असेल तर गळका इंजेक्टर आणि एअर फिल्टर बघा.

आणि दिवा लुकलुकत असेल तर गाडी पळवू नका, न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा भाग) जाळून टाकतं.